वीसच्या आत

समृद्धीने टेबलावर दहा मणी ओतले आणि डाव्या हाताने एकेक उचलून वाटीत टाकायला सांगितलं. कृष्णकांत सबनीसांनी नऊ टाकले. दहावा टेबलाखाली गेला. टेबलच उतरतं आहे, त्यात काकांचा दोष नाही, असं म्हणून तिने पूर्ण गुण दिले.

सबनीसांना अकरा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. करंजाड्याच्या फ्लॅटमधून त्यांना पनवेलच्या या शुश्रूषा आणि पुनर्वसन केंद्रात हलवायचं की नाही, हे आज ठरायचं होतं. केंद्राचा नियम साधा होता. समृद्धी इथली फिजिओथेरपिस्ट. ती तीस गुणांची चाचणी घेणार. वीसच्या आत राहिलात तर खाट मिळेल. वीस पडले तर घरी जा, व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा माणूस येईल. खाटा मोजक्या होत्या, म्हणून हे धोरण. प्रवेशासाठी नापास व्हावं लागतं अशी संस्था त्यांचा मुलगा सुशांत पहिल्यांदाच पाहत होता.

बाबांनी पंधरा दिवस तयारी केली होती. गॅलरीत फेऱ्या मारल्या. राजमा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात आणि परत पहिल्या डब्यात. वीस पडले की घरीच ना, असं त्यांनी सुशांतला दोनदा विचारून घेतलं होतं. दोन्ही वेळा तो ‘हो बाबा, अर्थात’ म्हणाला. दुसऱ्या वेळी जरा उशिरा.

सुशांतचीही तयारी होती. मोबाइलवर त्याने दोन रकाने केले होते, फायदे आणि तोटे. फायद्यांत चोवीस तास नर्स होती, व्यायामाची यंत्रं होती, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट होती. तोट्यांत एका खोलीत तिघं होते आणि तिघांत एक टीव्ही. खोली दाखवताना इथल्या आया मैनामावशी म्हणाल्या होत्या, “खिडकी उघडत नाय, पन कर्नाळा दिसतो बघा.” ते त्याने अर्धं इकडे, अर्धं तिकडे लिहिलं. भेटायची वेळ फक्त रविवारी चार ते सहा, हा तोटा होता. निदान ठरलेली तरी आहे, असं त्याची बायको मिताली म्हणाली, तेव्हा ती फायद्यांत गेली. तरी शेवटी आठाला आठ झाले. मग सगळं चाचणीवर सोडायचं ठरलं. त्यात कोणाकडेच वाईटपणा येत नव्हता.

सबनीस तळोज्याला बेअरिंगच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीत होते. माल पास करायचा किंवा नापास करायचा, एवढंच काम. चांगला माल त्यांनी एकदाच नापास केला होता. गोदामात जागा नव्हती आणि तसं लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता.

ते खुर्चीतून आधार न घेता उठले. दहा पावलं चालले. वळताना भिंतीला हात लागला, त्याचे गुण गेले. वार, तारीख बरोबर आली. महिने डिसेंबरपासून उलटे म्हणताना ऑगस्टपाशी अडकले, पण आपले आपण सुटले. मग त्यांनी विचारलं, किती झाले. समृद्धीने बेरीज करून सतरा सांगितले. एकच प्रश्न उरलाय, तीन गुणांचा, आणि तो सगळ्यांना येतो, असंही ती म्हणाली.

मिताली पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती. तेवढ्यात सुशांतचा फोन वाजला. तो दाराशी जाऊन हळू बोलू लागला. झटक्याने सबनीसांच्या डाव्या अंगातली ताकद नेली होती. कानांना हात लावला नव्हता.

“शनिवारी डिलिव्हरीचं आत्ता नक्की नाही सांगता येत,” सुशांत म्हणत होता. “स्टडी टेबल ज्या खोलीत लावायचंय ना, ती रिकामी होईल असं वाटलं होतं. दहा मिनिटांत कळवतो.”

टेबल सईसाठी होतं. नात बारावीला होती. डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर बसून अभ्यास करायची. आजोबांना बाथरूमला जायचं असलं की पुस्तक पालथं घालून तीच उठायची. तिने कधी तक्रार केली नव्हती. हळू वाचायला मात्र शिकली होती.

सुशांत परत येऊन बसला. समृद्धीने त्याच्याकडे बोट केलं.

“काका, हे तुमच्याबरोबर आलेत. कोण आहेत? नाव सांगा आणि नातं सांगा.”

सबनीसांनी मुलाकडे पाहिलं. माल पाहायचे तसं पाहिलं, घाई न करता. टक्कल पडायला लागलेलं कपाळ, चष्मा, हनुवटीवरची लहानपणच्या खोकेची खूण. सुशांत मोबाइलमध्ये पाहत होता. मग त्याने मान वर केली.

“ओळख लागत नाही,” सबनीस म्हणाले.

नियमाप्रमाणे दोनदा विचारायचं असतं. समृद्धीने दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. पर्सची चेन अर्ध्यावर थांबली. समृद्धीने शून्य लिहिलं, असं होतं कधी कधी, मनाला लावून घेऊ नका, असं सुशांतला सांगितलं आणि प्रवेशाचा अर्ज आणायला बाहेर गेली.

खोलीत तिघंच उरले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बाहेर मैनामावशी कोणाला तरी चहा गार होतोय म्हणून बोलावत होत्या.

सबनीसांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

“सुशांत,” ते म्हणाले, “सहीला पेन आहे ना तुझ्याकडे?”