वस्तादाचं नाव

‘पळशील कुठवर?’

नत्थुजींनी मान वर न करताच विचारलं. आयुष्यभर निरोप घेऊन पळालेले आणि आता पोरांना पळायला शिकवणारे ते मूर्तिजापुरात आपल्या ओसरीवर बसून गुडघ्याला एरंडेल चोळत होते.

‘अमरावतीवर,’ समोरून बाईचा आवाज आला.

तेव्हा मात्र मान वर झाली. पंचविशीची सावळी बाई. लुगड्याचा कासोटा घट्ट, कपाळाला ठसठशीत कुंकू, पाय धुळीनं माखलेले. नाव म्हणे शकुन. बाळापूरला मामाच्या मळ्यात भाजी पिकवायची आणि ती अकोल्याच्या बाजारी पळत पळत न्यायची.

विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवासा झाल्यापासून भाव सकाळी एक, तर संध्याकाळी भलताच. अकोल्यात आलेला भाव अमरावतीत ज्याच्या कानी आधी पडे, त्याचं साधे. वाटेत निरोप नेणारा जासूद बदलला की भावाची बातमी फुटायची. म्हणून अमरावतीचे दलाल उत्तमराव आता सगळी वाट एकाच माणसाच्या पायांवर सोपवणार होते. त्यासाठी पोळ्यानंतर अकोला ते अमरावती शर्यत ठरली होती.

‘अकोल्याचे रामराव वस्ताद सोडून इकडं काहून आली?’

‘त्यायनं इचारलं, बाई पळते का. दुसऱ्यानं इचारलं, बाई काहून पळते. तुमी इचारलं, कुठवर.’ शकुन ओसरीच्या पायरीवर बसली. ‘मले असाच वस्ताद पायजे.’

‘घरधनी काय म्हनते?’

‘थे काईच म्हनत नाईत.’

नत्थुजी हसले. असा नवरा मिळायलाही भाग्य लागतं, असं काहीसं पुटपुटले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला नांगरटीत उतरवलं.

काळ्या ढेकळांतून पळायचं, तेही तोंडात पाण्याची चूळ धरून. परत आल्यावर ती चूळ त्यांच्यापुढं टाकायची. ‘दम पायात नसते, नाकात असते,’ ते म्हणायचे. पहिल्या दिवशी शकुननं पाणी गिळलं. नत्थुजींनी तिला पुन्हा धाडलं. तिनं तोंडातून शब्द काढला नाही, काढता येतच नव्हता.

खटका उडाला तो सोमवारावरून.

‘उपास अन् पळनं एका जागी नांदत नाई. उपास सोड.’

‘उपास सुटनार नाई,’ ती हळूच म्हणाली. ‘शिकवनं सोडाचं असन तं सोडा.’

नत्थुजी दिवसभर फुगून बसले. आजवर शिष्यानं उलट उत्तर दिलं की काठी उचलायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी शेजारच्या गोदाबाईंच्या दाराशी आले. शकुन त्यांच्याकडंच उतरली होती.

‘रविवारी राती तीळ लावलेली भाकर दाबून खात जाय,’ एवढं बोलून ते वळले.

‘आली का अक्कल?’ गोदाबाई मागून म्हणाल्या. ‘गावभरच्या पोरायले पळवलं, सोताची बायको काई आनली नाई आजवर.’

‘आनाची कशी?’ नत्थुजी थांबले. ‘लगन लागलं तवा ती कडेवर, नावबी ध्यानात नाई. मोठी झाली तं सांगावा आला, तापात पोरीचा एक पाय लुळा पडला. जासुदाच्या घरी लंगडी बायको? मी कळवलं, ठेवा तिकडंच.’

‘मंग पाय बरा झाला का, पायलं का कधी जाऊन?’ शकुननं भाकरी थापता थापता विचारलं.

‘काय पायाचं?’

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नत्थुजी बैलांच्या दमणीत बसून अमरावतीला गेले. रामरावांनी आपला शिष्य शालिकराम उतरवला होता, उंच आणि हरणासारखा. शकुनला पाहून ते अकोल्यातच म्हणाले होते, ‘चूल सोडून आली, वाटेत भूक लागन इले.’ हे अमरावतीच्या बाजारात येऊन त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. लोक हसले. नत्थुजी हसले नाहीत. हरलो तर पुन्हा कुणी आपल्या ओसरीवर पाय ठेवणार नाही, हे त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना अकोल्याच्या रस्त्यावर धूळ दिसली. धुळीतून लुगडं दिसलं.

शकुन कापसाच्या गाड्यांमधून थेट उत्तमरावांपुढं आली. भाव बोलायचा नसतो. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची. उत्तमराव कचरले. परक्या बाईचा हात धरावा कसा? शकुननं स्वतःच उपरणं ओढलं आणि बोटं दाबली. उत्तमरावांचा चेहरा उजळला. शालिकरामचा अजून पत्ता नव्हता.

‘काम तुलेच,’ उत्तमराव म्हणाले. ‘पन रिवाज हाय. जासुदानं आपल्या वस्तादाचं नाव चारचौघांत घ्यावं, म्हंजे पागोटं त्याच्या डोक्यावर चढते. घे नाव.’

सगळ्यांना तोंडावर उत्तर देणारी बाई पदर पुढं ओढून उभी राहिली.

‘लाज वाटून राहिली वस्तादाची,’ रामराव म्हणाले.

नत्थुजींना ते लागलं. गर्दी सारून ते पुढं आले. ‘इतकं शिकवलं, बाई. माहं नाव घ्याले जड जाते का तुले?’

शकुननं आपले धुळीनं माखलेले दोन्ही पाय त्यांच्यापुढं जुळवले आणि मान वर केली.

‘नवऱ्याचं नाव बायकोनं चारचौघांत कसं घ्यावं? तुमीच सांगा यायले, तुमी कोन थे.’