वाट

“कापा,” सुलक्षणा म्हणाली.

शवागाराच्या व्हरांड्यात बसलेली माणसं चपापली. मृत्यूचं कारण शोधायला प्रेत उघडावं लागेल, असं डॉक्टर वसुधाबाईंनी नुकतंच सांगितलं होतं. दीर बाळा पुढं झाला. आमच्यात माणूस अख्खाच अग्नीला देतात, म्हणाला.

“आणि बायकोच्या जिभेनं माणूस मरतो, ते चालतं तुमच्यात?”

बाळा मागं सरला. कारण सगळी आरे कॉलनी तेच बोलत होती. काल दिवेलागणीला रॉकेलवरून भांडण झालं. सुलक्षणा तोंडाची फटकळ. “मरा एकदाचे,” म्हणून गेली. आणि तिचा नवरा श्यामसुंदर उंबऱ्यातच कोसळला. डेअरीत दुधाचे भरलेले कॅन ट्रकवर चढवणारा, शिमग्यात ढोलापुढं कुणाला न आवरणारा गडी. ऐन पस्तिशीतला.

“हिच्या तोंडानंच माझो झील गेलो,” पोटच्या पोरासाठी सासूनं रात्रभर हेच लावलं होतं. सुलक्षणानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तिलाही तसंच वाटत होतं. तिला सुटका नको होती, खरं काय ते हवं होतं.

दुपारी वसुधाबाई बाहेर आल्या. बघायचंय का, एवढंच त्यांनी विचारलं. सुलक्षणा आत गेली. मागोमाग सासूही दारापर्यंत आली.

पांढऱ्या ताटलीत गवताच्या काडीएवढी नळी होती. सगळ्या अंगाला रक्त पुरवणारं काळीज स्वतः या असल्या नळ्यांवर जगतं, बाई म्हणाल्या. नळीच्या भिंतीला तीन पदर. बाहेरचा चिवट, मधला स्नायूचा, आतला सायीसारखा पातळ. त्या सायीखाली पिवळी चरबी साठत साठत चुन्यासारखी कडक झाली होती. बाईंनी सुरी टेकवली. कचकच वाजलं. भिंत आतल्या आत एवढी फुगली होती की रक्ताला सुईच्या नेढ्याएवढी वाट उरली होती, आणि तिच्यात काल एक गुठळी अडकली.

“माझ्या बोलण्यानं?”

“कालची गुठळी उद्या तांब्या उचलतानाही अडकली असती. ही भिंत मात्र एका संध्याकाळीत होत नाही, बाई. वर्षानुवर्षं भरते. विशीच्या आसपास सुरू होतं. का, ते आम्हालाही अजून धड कळलेलं नाही.”

सुलक्षणानं श्वास सोडला. ती या घरात आली तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

दारात सासूचा चेहरा पांढराफटक पडला. हिशेब तिलाही कळला होता.

“तेवा तो माझ्या हातचा खाय होतो,” ती पुटपुटली.

व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. आता सुलक्षणाची पाळी होती. रात्रभराचं सगळं परत करायला एक वाक्य पुरलं असतं, आणि तिची जीभ कशी चालते ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती मात्र त्या नेढ्याकडंच बघत राहिली. एवढ्यातून ते सगळे कॅन ट्रकवर चढले होते. एवढ्यातून तो तिच्याशी भांडला होता, हसला होता.

तिनं दाराशी जाऊन म्हातारीचा हात धरला.

“आये, हयसर ये. बघ, एवढ्याशा वाटेन तुझो झील शिमग्यात नाचत होतो.”