बुटीबोरीचा बोजा

"पाचच्या आत हो-नाही सांगा म्हणते इचलकरंजीवाला," धर्मेंद्र फोनवर म्हणाला. "मंग काय सांगू त्याले, श्वेते?"

"जरा थांब ना दादा. नानाजींना आत्ता आकडे दाखवायला चालले मी."

"आकडे पाहून कोणाचं भलं झालं वं?"

श्वेतानं फोन टेबलावर पालथा ठेवला. भावाचं काय चुकलं? बुटीबोरीच्या चादरींच्या कारखान्यात तो सतरा वर्षं लूम दुरुस्त करत होता आणि गेली तीन वर्षं कारखाना तोट्यात होता. बेचाळीस माणसं रोज एकमेकांना एकच विचारायची, "काही कळलं का गा?" इचलकरंजीच्या मिलमध्ये त्याला नोकरी मिळत होती. पण मुलगी उन्नती दहावीत, भूमिकावहिनीची आई अंथरुणाला खिळलेली. म्हणजे जायचं ते एकट्यानं, आणि चौघांत एक खोली करून राहायचं. श्वेताला तो विचारच सहन होत नव्हता.

कारखाना बुटीबोरीला, गोदाम वाडीला, ऑफिस रामदासपेठेत, आणि तिन्हींचे मालक नानाजी. जुन्या वळणाचा माणूस, सॉफ्टवेअरला अजून 'वही' म्हणायचा. ती 'वही' श्वेता सांभाळायची. हॉस्पिटलच्या चादरींची ऑर्डर आली की तो एक प्रोजेक्ट. सूत, मजुरी, ट्रकचं भाडं त्याच्या नावावर. पण ऑफिसचं भाडं, एसी, लिफ्ट, नानाजींचा ड्रायव्हर कोणत्या ऑर्डरच्या नावावर टाकणार? तो सगळा ओव्हरहेड. वर्षाचा एकत्र करायचा आणि तिन्ही ठिकाणी वाटून द्यायचा.

आणि वाटला कसा होता? डोकी मोजून! जिथं माणसं जास्त, तिथं बोजा जास्त. एसी चालणार रामदासपेठेत आणि त्याचा खर्च बसणार बुटीबोरीत घाम गाळणाऱ्यांच्या डोक्यावर. वा रे वा! कोण्या शहाण्यानं हे एकदा बसवून दिलं आणि तीन वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. श्वेतानंही नाही. लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

मग पंधरा दिवस खपून तिनं वर्षभराचा एकेक खर्च ज्याचा त्याच्या नावावर टाकला. बुटीबोरीचा तोटा एकेचाळीस लाखांवरून खाली आला. नऊवर येऊन थांबला तो थांबलाच. तिनं तीनदा तपासलं, बिलं पुन्हा उपसली. नऊच. नफ्याचं नाव नाही.

नानाजींनी तो कागद डोळ्यांजवळ धरला.

"हे नऊ लाख काहून राहिले?"

"तेवढा तोटा आहे, नानाजी. पण आधी एकेचाळीस दिसत होता!"

"आमचा बोजा पूर्ण काढला?"

"पूर्ण. तुमच्या ड्रायव्हरसकट."

"एक रुपया तिकडचा इकडं नाही?"

"नाही. यापेक्षा खरा हिशोब होऊच शकत नाही."

नानाजींनी चष्मा काढून डोळे पुसले. आता हा माणूस काय बोलतो, याच्यावर दादाचं घर अवलंबून होतं.

"बुटीबोरी वाढवतो, बेटा."

तिला आधी खरंच वाटेना. "वाढवायची? नक्की?"

"नक्की. दोन वर्षांपासून मनात होतं, हिंमत होत नव्हती. आज तुझ्या आकड्यानं हिंमत दिली." त्यांचा आवाज भरून आला. "दसऱ्याची मशीनपूजा होऊ दे. मंग वाढवू. तोवर कोणाजवळ बोलू नको."

"नाही बोलणार," ती म्हणाली, आणि जिन्यात पोहोचायच्या आत तिनं फोन लावला. पाचला वीस मिनिटं होती.

"दादा, जाऊ नको! नानाजी स्वतः म्हणाले, बुटीबोरी वाढवायची."

तिकडचा लूमचा खडखडाट थांबला.

"दादा?"

"मजाक तं नाही करून राहिली?"

"तुझी शपथ. माझ्या आकड्यांनी झालं, दादा. रडत होते ते सांगताना."

धर्मेंद्र नुसता "बाप रे, बाप रे" करत राहिला. मग त्यालाही रडू फुटलं. "भूमिकाले सांगतो," एवढंच कसंबसं म्हणाला आणि फोन ठेवला. श्वेता जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला.

सव्वापाचला त्याचा पुन्हा फोन आला. "नाही म्हणून सांगितलं त्याले. त्यानं तेवढ्यात दुसरा माणूस घेतला. माझ्यासंगं अजून तिघांचं नक्की होऊन राहिलं होतं, त्यायलेही सांगितलं. तेही नाही म्हणाले."

"बरं केलं," श्वेता म्हणाली.

ती हसतच जागेवर गेली. पुढच्या वर्षाचा ओव्हरहेड आजच मांडून टाकू, म्हणून तिनं नवं पान उघडलं. सॉफ्टवेअरनं पहिलाच प्रश्न विचारला, बुटीबोरीत माणसं किती? तिनं नानाजींच्या दारातून डोकं आत घातलं.

"नानाजी, पुढच्या वर्षाला बुटीबोरीत किती माणसं धरू? साठ की सत्तर?"

नानाजींनी मान वर केली.

"शून्य लिही."

"काहीतरीच काय, नानाजी! आत्ताच तर म्हणालात ना, वाढवायची?"

"मंग? माझ्या बापानं चाळीस वर्षं रोज सांजच्याले दुकान वाढवलं, बेटा, पण 'बंद करतो' असं अभद्र कधी तोंडातून काढलं नाही."