कमी तिखटाचे धपाटे

“पिता का?” पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर इकरांनी विचारलं.

आलोक सर टेबलावर उताणे पडले होते. बरगड्यांवर थंडगार जेली, वर मशीनचा दांडा टेकवलेला. मशीन बारीक टिचकी मारायचं आणि तिचा हादरा लिव्हरमधून किती वेगानं पळतो ते मोजायचं. मऊ लिव्हरमधून हळू, कडक झालेल्यातून सुसाट. सरांचा आकडा सुसाट निघाला होता.

दारूचं नाव निघताच बाजूला उभी असलेली बायको मंजुश्री पुढं सरकली. पण खरं सांगायचं तर नवऱ्यावर तिचा संशय दारूचा नव्हताच. सर किनवटकडच्या आश्रमशाळेवर मास्तर, ही लेकीला घेऊन नांदेडात. बाकीचे मास्तर सोमवारी पहाटे निघायचे. हे मात्र रविवारी हात धुतले न धुतले की स्टेशनकडं पळायचे. वर रात्रभर फोन बंद. तिकडं दुसरं घर तर नाही ना? वर्षभर हाच किडा तिचं डोकं पोखरत होता.

“पितो,” सर छताकडं बघत म्हणाले. “रोज. मोहाची. रविवारी तर दोस्तांचा अड्डाच बसतो.”

दुसरी कुणी असती तर तिथंच आकांत मांडला असता. मंजुश्रीला मात्र हायसं वाटलं. दारूच हाय ना? दारू सुटते! तोंडाला कधी वास कसा आला नाही, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं सरांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. सरांनी मुकाट घेतली.

“पण रविवारी संध्याकाळी किनवटला व्यसनमुक्तीची बैठक असते,” ते म्हणाले. “जावंच लागंल.”

“जावा की! मी कशाला अडवू?”

दर रविवारी ती धपाट्यांचा डबा बांधून द्यायला लागली. माणूस उपाशी घराबाहेर पाठवायचा नाही, हा बाईचा बाणाच. बैठकीतल्या लोकांना धपाटे लई आवडले म्हणे. मग ती दुप्पट करायला लागली. एकदा सर म्हणाले, “तिखट जरा कमी टाक. सगळ्यांना सोसत न्हाई.” तिनं मिरची कमी केली, वर दह्याची वाटी दिली. संसार वाचला म्हणून बाई खुशीत होती.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. या वेळी दवाखान्यातून निरोप होता, काही न खाता या. आकडा एकदम नॉर्मल आला.

“माळेचा गुण, मॅडम!” मंजुश्रीचे डोळे भरून आले.

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. “कडक झालेलं लिव्हर इतक्या लवकर असं मऊ पडत नाही, ताई. मागच्या वेळी खाऊन आले होते का?”

“हाव. मीच पोटभर धपाटे खाऊ घातले होते.”

“तेच झालं. पोट भरलेलं असलं की लिव्हरकडं रक्त जास्त जातं, आकडा चढतो. मी विचारायला हवं होतं, चूक माझी. आज नीट बघितलं. चरबी नाही, काही नाही. रोज मोहाची पिणाऱ्याचं लिव्हर असं नसतं. सर, तुम्ही त्या दिवशी हो कशाला म्हणालात?”

सर उठून शर्टाच्या गुंड्या लावायला लागले. वरची गुंडी काही केल्या लागेना. माळ मधे येत होती.

मंजुश्रीची नजर त्या माळेवर गेली. तोंडाला कधीच न आलेला वास तिला आज आठवला. मग हळूच म्हणाली,

“अहो, मग ते कमी तिखटाचे धपाटे कुणाचं लेकरू खाऊन राहिलंय?”