नायलॉनला खळ

सिंधूनं दोरीवरची साडी ओढली. पिवळी नायलॉनची साडी पापडासारखी कडक झाली होती. जागोजागी पांढरे ओघळ वाळले होते.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

सासूबाई, कोंडाबाई, नातीला मांडीवर थोपटत होत्या. "खळ घातली. जोंधळ्याच्या पिठाची. माझी लुगडी बघ, खळीनं कशी दाट होत्यात."

"तुमची सुताची हायत! हे नायलॉन हाय. ह्याला खळ धरत न्हाई, नुसती चिकटून बसती!"

अकरा वाजता मुलाखत होती. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत टायपिस्टच्या दोन जागा, आणि सिंधूला कॉल आला होता. गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. सुती साड्या धुण्यावाचून कोपऱ्यात पडलेल्या. ही एक तेवढी तांब्याभर पाण्यात निघायची, झटकली की वाळायची. आता तिलाही पाणी नव्हतं. घागरीच्या तळाला होतं ते खळीत गेलं.

तिनं साडी आपटली. भुगा उडाला. नखानं ओघळ खरवडला, तर धागाच वर आला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हा उद्योग करायला?"

कोंडाबाई पोरीचं जावळ सारखं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "टँकरपाशी बाया हसल्या. म्हनल्या, तुमच्या सुनंनं लुगडं नेसलंय का मच्छरदाणी? नाडीची गाठसुदिक दिसती म्हनं."

सिंधूचे कान तापले. धड परकर होता तो बाळंतपणात दुपट्यांसाठी फाडला होता. अंगावरचा हा विरलेला.

"मग तवाच मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर आज गेली असतीस?"

सिंधू रागारागानं साडी नेसायला लागली. कमरेला एक वेढा जास्तीचा घेतला. निऱ्या तीनच उरल्या. पदर दुहेरी करून दोन्ही खांद्यांवरून घेतला. पाऊल टाकलं की साडी कागदासारखी वाजत होती.

"दिसतंय का अजून?"

कोंडाबाईंनी डोळे बारीक केले. "सावलीत न्हाई. उन्हात... दिसतंय जरा."

कचेरीचा रस्ता सरळ होता आणि त्यावर एक झाड नव्हतं. सिंधू दात आवळून बाहेर पडली. दहा पावलांवर मागून चपला फटफटल्या. कोंडाबाई नातीला काखोटीला मारून आल्या आणि उन्हाच्या बाजूनं तिच्या जोडीनं चालू लागल्या. मोकळ्या हातानं त्यांनी आपल्या जाड लुगड्याचा पदर पडद्यासारखा ताणून धरला.

"आत्याबाई, जावा ना घरी! लोक बघत्यात."

"बघू दे की," कोंडाबाईंनी पदर आणखी ताणला. "माझ्याकडं बघतील."