जाड्याची उडी

"माझ्या रिमोटची वायर लावली आहेस ना?" छोट्याने विचारलं.

"बटण दाबून बघ की," ताई म्हणाली.

त्याने उजव्या अंगठ्याने बटण दाबलं. पडद्यावरच्या बारक्याने लगेच भिंतीत खुंटी ठोकली. छोट्याची खात्री पटली.

विचारायला कारण होतं. पंचेचाळिशीतला हा घड्याळजी आठ वर्षांचा असताना ताईने त्याला अख्खं वर्षभर वायर न जोडलेला रिमोट देऊन खेळवलं होतं. खेळ हाच, खाणीत अडकलेल्या दोन भावांचा. दोघे एकाच दोराला बांधलेले. पुढच्या जाड्याने चालायचं, उड्या मारायच्या. मागच्या बारक्याने खुंटी ठोकून दोर धरायचा. एक चुकला की दोघेही खड्ड्यात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोघांनी दोन रिमोट घ्यावेत, नाहीतर एकट्याने एकाच रिमोटवर डाव्या अंगठ्याने जाड्या आणि उजव्याने बारक्या सांभाळावा. ताई एकटीच दोघांना नाचवायची आणि हा आपला बारक्या आपणच चालवतोय म्हणून घाम गाळायचा.

"सातवी विहीर म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ," अशी तेव्हा तिची फुशारकी. प्रत्यक्षात खेळातली ती शेवटची विहीर तिलाही कधी चढता आली नव्हती.

चार महिन्यांपूर्वी छोट्याला झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात आला नाही. चिमटा काढला तरी कळत नव्हतं. खाली उतरायचं तर तीन जिने. रस्त्यापलीकडे त्याचं दुकान. खिडकीतून त्याचं बंद शटर तेवढं दिसायचं. पलंग, खिडकी, पंखा आणि पुन्हा पलंग. व्यायाम घेणाऱ्या बाईंना त्याने दुसऱ्याच आठवड्यात वाटेला लावलं होतं.

"मेलेल्या हाताला कवायत शिकवू नका," असं तो त्यांना तोंडावर म्हणाला होता.

तो हात नजरेलाही नको, म्हणून त्यावर सदा शाल. एका हाताने घड्याळ उघडता येतं, जुळवता येत नाही. शनिवारी पाच वाजता दुसरा घड्याळजी दुकानाची किल्ली घ्यायला येणार होता. शब्द देऊन झाला होता. दुकान गेलं की या खोलीतून बाहेर पडायला कारणच उरणार नव्हतं, आणि हे छोट्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या शनिवारच्या दहा दिवस आधी ताईने माळ्यावरून तो जुना खेळ काढला. कॅसेटला फुंकर मारली, ती बसवली आणि रिमोट छोट्याच्या मांडीवर ठेवला. एका हातात तो निसटायला लागला, तेव्हा तिने शालीखालचा डावा हात उचलून त्यावर नीट बसवला आणि वरून पुन्हा शाल ओढली.

"नुसता टेकू म्हणून राहू दे," ती म्हणाली. मग पलंगाच्या डोक्याशी, त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून आपला रिमोट घेऊन बसली. जवळून टीव्ही बघितला की म्हणे तिचे डोळे चुरचुरतात.

पहिले तीन दिवस जाड्या जागचा हलला नाही. मागून ताईच्या बटणांची टकटक तेवढी ऐकू यायची.

"अगं, झोपलीस का? उजवीकडे ने त्याला!"

"सापडत नाही रे बटण. तू सांगत राहा मोठ्याने. तू सांगितलंस की जमेल."

"तुझी बोटं म्हातारी झाली."

"झाली असतील."

छोट्या ओरडत राहिला. उजवीकडे! उडी! अगं, उडी! दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. चौथ्या दिवशी जाड्या एक पाऊल सरकला, तेही उलट्या दिशेने, आणि बारक्याला घेऊन थेट खड्ड्यात गेला. छोट्या चार महिन्यांत पहिल्यांदा खदखदून हसला. मागे वळून बघतो तर ताई पदराने डोळे पुसत होती.

"एवढं काय रडायला झालं?"

"हसून हसून आलं पाणी," ताई म्हणाली. "चल, पुन्हा पहिल्यापासून."

त्यानंतर ताई सुधारत गेली. पाचव्या दिवशी जाड्या सरळ चालायला लागला, सातव्या दिवशी उड्या मारायला. आठव्या दिवशी छोट्याला सांगावंही लागेना. त्याच्या मनात यायचा अवकाश, की जाड्याने उडी मारलीच. बहिणीला आपल्या मनातलं इतकं कसं कळतं, या विचाराने त्याला जरा भरूनच आलं. तसं बोलून दाखवायचा मात्र त्याचा स्वभाव नव्हता.

शनिवारी साडेचारला ते सातव्या विहिरीच्या तळाशी होते. खुंटी, उडी, झोका. पुन्हा खुंटी. अर्ध्यावर बारक्याचा हात निसटला, छोट्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण दुसऱ्याच क्षणी त्याने खुंटी ठोकली आणि जाड्याने काठ गाठला. पडदा पिवळाधमक झाला. दोघे भाऊ उन्हात उभे होते.

"ताई! कसं गं जमवलंस?"

"डाव्या हाताचा मळ," ताई म्हणाली.

आज तरी तिने हे शब्द वापरायला नको होते, असं छोट्याला वाटलं. तो पडद्याकडे बघत राहिला. जाड्याने आता आनंदाने उड्या माराव्यात, असं त्याच्या मनात आलं आणि जाड्या उड्या मारू लागला.

तेवढ्यात बेल वाजली.

"किल्ली कपाटावर आहे," छोट्या म्हणाला. "देऊन टाक त्यांना."

"आधी दार तर उघडू दे," म्हणत ताई उठली आणि रिमोट हातात तसाच घेऊन त्याच्या समोरून दाराकडे निघाली. तिच्या रिमोटची वायर कुठे ताणली नाही, कशात अडकली नाही. खुर्चीखालून तिचं मोकळं टोक निघालं आणि फरशीवरून घसटत तिच्यामागे दारापर्यंत गेलं.

पडद्यावर जाड्या अजून उड्या मारत होता. छोट्याने खाली पाहिलं. त्याच्या मांडीवरची शाल हलत होती.