वरणाचा पुरावा

"तीन तासांचं लग्न, आन् तुमचं अर्ध्या मिनिटात झालं बी?"

नानासाहेबांचा विश्वास बसेना. शहरात टीव्ही सेंटर चौकाजवळच्या त्या छोट्या दुकानात त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि सुलेखाच्या कॉम्प्युटरकडं संशयानं पाहिलं.

"काका, आतल्या चित्राला आणि आवाजाला मी हातच लावला नाही," सुलेखा म्हणाली. "तुमची फाईल एमकेव्ही होती, ती तुमच्या टीव्हीला उघडता येत नाही. जे होतं तेच उचलून एमपीफोरमध्ये ठेवलं. लोणचं या बरणीतून त्या बरणीत काढलं, बस."

"एखादी फोड इकडची तिकडं झाली नाय ना?"

"फोड काय, मोहरीसुद्धा नाही. सगळं चित्र नव्यानं बनवलं असतं तर संध्याकाळ झाली असती, आणि वर रंग उतरला असता."

"शपथ?"

"दुकानाशपथ."

नानासाहेबांनी पेन ड्राइव्ह रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवला आणि बिडकीनची गाडी धरली.

मागच्या वर्षी त्यांनी एकुलत्या एका लेकीचं, प्रेरणाचं, लग्न दणक्यात लावून दिलं होतं. पंगतीत आग्रह करत फिरताना त्यांच्या कानांवर पैठणच्या व्याह्यांचं, बद्रीनाथरावांचं, वाक्य पडलं : "यांच्या वरणात डाळ शोधायला जायकवाडीहून पाणबुडे आणावे लागतील."

तेव्हापासून बोलणं बंद. बद्रीनाथराव निवृत्त मास्तर, शांत माणूस. "मी असं काहीही बोललो नाही," एवढंच ते सांगत. लग्नाचा व्हिडिओ घरात येऊन पडला होता, पण नानासाहेबांनी रागानं तो पाहिलाच नव्हता.

आता नात झाली. बारसं बिडकीनला ठरलं. व्याही आले नाहीत तर आपण पाळण्याला हात लावणार नाही, असं त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, बजावलं. नानासाहेबांनी तोड काढली. व्याह्यांनी यावं, पण पाळणा हलायच्या आधी मोठ्या टीव्हीवर पंगत लागेल आणि बद्रीनाथराव सगळ्यांसमोर माफी मागतील.

"लावा," बद्रीनाथरावांचा निरोप आला. "त्यात बोललेलो दिसलो तर माफी मागतो."

इकडं प्रेरणाला झोप येईना. लग्नात ती नवऱ्याशेजारी बसली होती, तिला काही ऐकू आलं नव्हतं. पण आपले वडील खोटं बोलणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, आणि ते वाक्य टीव्हीवर ऐकू आलं की दोन्ही घरं कायमची तुटणार, हेही. फाईलची एक प्रत तिच्या नवऱ्याकडं, विश्वजितकडं होती, पण ती स्वतः लावून ऐकायचा तिला धीर होईना. ती तिनं कॉलेजातल्या मैत्रिणीला, सुलेखाला, गुपचूप पाठवली. "तेवढं वाक्य कापून टाक. नाना तुझ्याकडं येतील, त्यांना हीच फाईल दे." आणि मग वडिलांना सुलेखाच्या दुकानाचा पत्ताही तिनंच दिला.

"बघते," सुलेखा म्हणाली होती.

बारशाच्या दिवशी सगळे टीव्हीसमोर बसले. मनकर्णाबाईंनी वरण इतकं घट्ट केलं होतं की त्यात पळी उभी राहत होती. नानासाहेबांनी मंगलाष्टका भराभर पुढं ढकलल्या. पंगत आली.

पडद्यावर बद्रीनाथराव जेवत होते. शेजारच्याशी दोन शब्द बोलले, पाणी प्यायले, आणि वाढप्याला म्हणाले, "थोडं वरण आणखी वाढा." मग चित्र नवरा-नवरीच्या घासाकडं वळलं, आणि तिथंच पंगत संपली.

"मागं घे," नानासाहेब म्हणाले. विश्वजितनं मागं घेतलं. पुन्हा तेच. थोडं वरण आणखी वाढा.

"आवाज वाढव."

आवाज वाढला. वरणाची मागणी वाड्यावस्त्यांपर्यंत गेली. प्रेरणा खाली मान घालून बाळाचं दुपटं सारखं करत राहिली.

नानासाहेब उठले आणि टोपी काढून बद्रीनाथरावांसमोर हात जोडून उभे राहिले.

"दुकानवाली म्हणली, मोहरीसुद्धा हलली नाय. म्हणजे माझेच कान वाजले. वर्षभर तुमच्यावर आळ घेतला. माफ करा, व्याही."

बद्रीनाथरावांनी त्यांचे हात धरले. "असू द्या हो. पंगतीत गलका असतो." दोघांचे डोळे भरून आले. बायकांनी पाळणा म्हटला, पोरीचं नाव ओवी ठेवलं. जेवताना नानासाहेबांनी व्याह्यांना स्वतःच्या हातानं वाढलं.

प्रेरणानं मागच्या खोलीत जाऊन सुलेखाला फोन लावला.

"तू आमची दोन घरं वाचवलीस. कुठं कापलंस तेसुद्धा कळलं नाही."

"अगं, कापलं कुठं?" सुलेखा म्हणाली. "सगळी पंगत कानाला हेडफोन लावून ऐकली मी. तसं कुणी बोललेलंच नाही. म्हणून नानांनी आणलेलीच फाईल त्यांच्यासमोर बदलून दिली. बरणी तेवढी बदलली गं."

प्रेरणानं फोन ठेवला. तिला लाज वाटली. वर्षभर वडिलांवर विश्वास ठेवून तिनं सासऱ्यांसारख्या भल्या माणसाला मनातल्या मनात दोषी धरलं होतं. बद्रीनाथराव ओसरीवर एकटेच सुपारी कातरत बसले होते. ती त्यांच्या पाया पडली.

"बाबा, मलासुद्धा वाटलं होतं तुम्ही बोललात. मला माफ करा."

बद्रीनाथरावांनी आत कुणी ऐकत नाही ना, ते मान लांबवून पाहिलं.

"बोललो होतो, पोरी," ते हळूच म्हणाले. "पण तोवर शूटिंग आटोपून कॅमेरावाला माझ्या शेजारीच जेवायला बसला होता, हसून हसून ठसका लागला बिचाऱ्याला."